पैसा, सम्यक आजीव आणि ब्रह्मदेशातील लोकशाही

होटगी हे रेल्वे जंक्शनचे गाव. येथील आपले समाजबांधव रेल्वेत, सिमेंट कारखान्यात, फताटेवाडीच्या वीजकेंद्रात, सोलापूरच्या कचेऱ्यांत आणि शाळांत नोकरी करतात. त्यांपैकी बहुतेकांच्या पगारातून दरमहा भविष्य निर्वाह निधी किंवा निवृत्तिवेतन योजनेचा हप्ता कापला जातो. बऱ्याच घरांत आयुर्विमा महामंडळाची एखादी तरी पॉलिसी असते. अलीकडे काही तरुण म्युच्युअल फंडातही दरमहा पाचशे-हजार रुपये भरू लागले आहेत. हा पैसा सुरक्षित आहे ना, त्यावर व्याज किती मिळेल, एवढे आपण आवर्जून विचारतो. परंतु मधल्या वीस-तीस वर्षांत तो पैसा कुठे जातो आणि कोणाच्या कामी येतो, हे सहसा विचारत नाही.

हा प्रश्न जगातील अनेक लहानमोठ्या गुंतवणूकदारांनी विचारला आहे. विशेषतः ज्या देशांत लोकांवर जुलमी सत्ता लादली गेली, तेथे आपल्या पैशाने त्या सत्तेला बळ मिळू नये, असा आग्रह त्यांनी धरला. या आग्रहाचा इतिहास काय, त्याचे फळ काय मिळाले, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि आपल्यासारख्या सामान्य बचतदाराचा त्याच्याशी काय संबंध, हे सभासदांना आणि विद्यार्थ्यांना समजावून सांगावे, एवढाच आमच्या या लेखाचा हेतू आहे.

शेअर म्हणजे मालकी

शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा एक लहानसा भाग. ज्याच्याकडे शेअर आहे त्याला नफ्यात वाटा मिळतो, तसाच कंपनीच्या वार्षिक सभेत मत देण्याचा अधिकारही मिळतो. आपण स्वतः शेअर घेतला नसला तरी आपल्या वतीने कोणीतरी तो घेतलेला असतो. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने ऑगस्ट २०१५ पासून नव्या जमेचा काही भाग शेअर बाजारात गुंतविण्यास सुरुवात केली. आरंभी हे प्रमाण ५ टक्के होते, ते २०१७ मध्ये १५ टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. ही रक्कम मुख्यतः सेन्सेक्स आणि निफ्टी या निर्देशांकांतील कंपन्यांच्या शेअरगटांत जाते. आयुर्विमा महामंडळ तर देशातील सर्वांत मोठ्या गुंतवणूकदारांपैकी एक आहे. म्हणजे होटगीच्या कामगाराच्या घामाचा रुपया दलाल स्ट्रीटवरून देशातील आणि देशाबाहेरील उद्योगांत पोहोचतो.

सामाजिक जबाबदारी मानणारा गुंतवणूकदार या मालकीचा उपयोग तीन प्रकारे करतो. पहिला प्रकार वगळण्याचा. माणसांना इजा करणाऱ्या धंद्यात तो पैसा घालत नाही, घातला असल्यास काढून घेतो. दुसरा प्रकार आत राहून बोलण्याचा. तो सभेत प्रश्न विचारतो, ठराव मांडतो, इतर भागधारकांची मते मिळवितो. तिसरा प्रकार अट घालण्याचा. अमुक मुदतीत अमुक सुधारणा झाली नाही तर आम्ही बाहेर पडू, असे तो लेखी कळवितो.

आपल्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीव आहे. शस्त्रांचा, प्राणिमात्रांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा असे पाच व्यापार उपासकाने करू नयेत, असे पाली सुत्तांत सांगितले आहे. त्या काळी व्यापार करणारा माणूस आपला माल स्वतः विकत असे. आज पैसा एकाचा, दुकान दुसऱ्याचे आणि माल तिसऱ्या देशात, अशी स्थिती आहे. तथापि अंतर वाढले म्हणून जबाबदारी नाहीशी होत नाही.

दक्षिण आफ्रिकेचा धडा

या मार्गाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. तेथील गोऱ्या सरकारच्या वर्णभेदाविरुद्ध भारताने १९४६ मध्येच व्यापारबंदी केली होती. पाश्चात्त्य कंपन्या मात्र तेथे नफा कमावीत राहिल्या. १९७१ मध्ये अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चने जनरल मोटर्स या मोटार कंपनीच्या सभेत, कंपनीने दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडावे, असा ठराव मांडला. ठराव फेटाळला गेला. परंतु त्याच वर्षी लिऑन सुलिव्हन हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक त्या कंपनीच्या संचालक मंडळावर आले होते. त्यांनी १९७७ मध्ये कंपन्यांसाठी नियमावली तयार केली. काळ्या आणि गोऱ्या कामगारांना समान वागणूक, समान कामाला समान वेतन अशा तिच्यातील अटी होत्या. दहा वर्षे वाट पाहिल्यावर, १९८७ मध्ये, एवढ्याने वर्णभेद संपत नाही असे सांगून त्यांनी स्वतःच कंपन्यांना देश सोडण्याचे आवाहन केले.

याच काळात ब्रिटनमधील विद्यार्थ्यांनी बार्कलेज बँकेत खाती उघडू नयेत, अशी मोहीम चालविली. १९८६ मध्ये त्या बँकेने दक्षिण आफ्रिकेतील आपला व्यवसाय विकला. वर्णभेद संपला तो मुख्यतः तेथील काळ्या जनतेच्या लढ्याने. मंडेला २७ वर्षे तुरुंगात होते, शेकडो माणसे गोळ्यांना बळी पडली. बाहेरच्या गुंतवणूकदारांनी त्या लढ्याची जागा घेतली नाही. त्यांनी जुलमी सत्तेची आर्थिक वाट अवघड केली. त्यांच्या कामाचे मोजमाप एवढेच करावे.

लष्करी राजवट आणि ब्रह्मदेश

लष्करी कायदा म्हणजे काय, हे सोलापूर जिल्ह्यातील माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. १२ मे १९३० रोजी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत राहिला. तिरंगा हाती घेऊन चालणे हाही गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. आपल्याकडे ती राजवट पन्नास दिवस टिकली. ब्रह्मदेशाने, म्हणजेच आजच्या म्यानमारने, २ मार्च १९६२ च्या लष्करी उठावापासून कित्येक दशके ती सोसली आहे.

या देशाशी महाराष्ट्राचे जुने नाते आहे. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. परमपूज्य बाबासाहेब डिसेंबर १९५४ मध्ये रंगून येथील जागतिक बौद्ध परिषदेला गेले. तेथून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे चंद्रमणी महास्थवीर हेही ब्रह्मदेशात जन्मलेले होते. म्हणून त्या देशातील माणसांचे दुःख आपण परके मानू शकत नाही.

१९८८ मध्ये तेथे लोकशाहीसाठी प्रचंड उठाव झाला आणि तो रक्तात बुडविण्यात आला. १९९० च्या निवडणुकीत ऑंग सान सू ची यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या, तरी लष्कराने सत्ता सोडली नाही. २०११ नंतर काही वर्षे दारे किलकिली झाली. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत तोच पक्ष पुन्हा जिंकला, तेव्हा १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने परत सत्ता बळकावली. त्यानंतर हजारो नागरिक मारले गेले आणि लक्षावधी बेघर झाले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ऑगस्ट २०१७ नंतर याच लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमानांना बांगलादेशात पळून जावे लागले. काही भिक्खूंनी त्या द्वेषाला धम्माचे नाव दिले. सू ची यांनी डिसेंबर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात आपल्या देशाची, पर्यायाने लष्कराची, बाजू मांडली. पुढे त्याच लष्कराने त्यांनाही कैदेत टाकले. मानवी हक्क हे बौद्धांना वेगळे आणि मुसलमानांना वेगळे नसतात. आपण ब्रह्मदेशातील बौद्धांसाठी बोलणार असू तर रोहिंग्यांसाठीही बोलले पाहिजे.

पालथे केलेले भिक्षापात्र

ब्रह्मी भिक्खूंनी या राजवटीविरुद्ध जे शस्त्र उचलले ते विनयपिटकातील आहे. संघाची हानी करणाऱ्या उपासकासमोर भिक्षापात्र पालथे करावे, म्हणजे त्याचे दान स्वीकारू नये, अशी विनयात तरतूद आहे. तथागतांच्या काळी वड्ढ नावाच्या लिच्छवीने एका निर्दोष भिक्खूवर खोटा आरोप केला. तेव्हा संघाने त्याच्यासमोर पात्र पालथे केले. त्याने आपला दोष कबूल करून क्षमा मागितली आणि पात्र पुन्हा सुलटे झाले. १९९० मध्ये मंडालेच्या भिक्खूंनी लष्करी कुटुंबांकडून दान घेणे बंद केले. सप्टेंबर २००७ मध्ये हजारो भिक्खू पालथी पात्रे घेऊन रस्त्यांवर चालले.

या कृतीचा अर्थ नीट समजून घ्यावा. देणाऱ्याला दानातून पुण्य आणि प्रतिष्ठा मिळते. ती आम्ही तुला देणार नाही, असे संघ त्याला सांगतो. तो त्याला मारीत नाही, शिव्या देत नाही, आणि सुधारण्याची वाटही बंद करीत नाही. गुंतवणूकदार जेव्हा लष्कराशी भागीदारी करणाऱ्या कंपनीतून पैसा काढतो आणि कारण जाहीर करतो, तेव्हा तो बाजारात हेच करीत असतो.

१९९० नंतरची मोहीम

लष्कराला बंदुका, पगार आणि हेर यांसाठी पैसा लागतो, आणि परकीय चलन तर फारच लागते. म्हणून ब्रह्मी लोकशाहीवाद्यांनी, लोकांचे सरकार येईपर्यंत परदेशी कंपन्यांनी येथे पैसा घालू नये, असे आवाहन केले. कपडे बनविणाऱ्या लिव्हाय स्ट्रॉस कंपनीने १९९२ मध्ये तेथील काम थांबविले. १९९६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या विरोधामुळे तेथील भोजनगृहांचे कंत्राट पेप्सीला मिळाले नाही. भागधारकांनीही सभांतून दबाव आणला. १९९७ मध्ये पेप्सीने ब्रह्मदेश सोडला.

तेल आणि वायूच्या कंपन्या मात्र सहजासहजी हलल्या नाहीत. यादाना वायूवाहिनीच्या परिसरात सैनिकांनी गावकऱ्यांना वेठीला धरले, गावे उठविली, अशा तक्रारी होत्या. काही गावकऱ्यांनी १९९६ मध्ये युनोकल या भागीदार कंपनीविरुद्ध अमेरिकेतील न्यायालयात दावा लावला. २००५ मध्ये कंपनीने भरपाई देऊन तडजोड केली. वेठ म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांनी महारकीत भोगले आहे. त्याच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले होते. त्यामुळे त्या गावकऱ्यांचे गाऱ्हाणे आपल्याला लवकर कळावे.

दोन भारतीय उदाहरणे

२०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने म्यानमारच्या लष्कराच्या उद्योगसाम्राज्याचा अहवाल प्रसिद्ध केला. एमईएचएल आणि एमईसी या दोन लष्करी कंपन्या बँकांपासून बिअरपर्यंत अनेक धंद्यांत होत्या. परदेशी कंपन्यांनी त्यांच्याशी संबंध ठेवू नयेत, अशी समितीची शिफारस होती.

अदानी पोर्ट्स या भारतीय कंपनीने यांगून येथे कंटेनर बंदराचे काम घेतले होते, आणि जमीन एमईसीकडून भाड्याने घेतलेली होती. मार्च २०२१ मध्ये मानवी हक्क संघटनांनी उघड केलेल्या कागदपत्रांनुसार जमिनीच्या भाड्यापोटी ३ कोटी आणि जमीन मोकळी करण्यापोटी २.२ कोटी डॉलर एमईसीला मिळायचे होते. जून २०२१ मध्ये केएलपी या नॉर्वेच्या निवृत्तिवेतन संस्थेने या कंपनीतील आपले शेअर विकले आणि कारण जाहीर केले. ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीने म्यानमारमधून बाहेर पडण्याचा निर्णय कळविला. मे २०२३ मध्ये हा प्रकल्प ३ कोटी डॉलरना विकला गेला. ही किंमत मूळ अपेक्षित किमतीपेक्षा पुष्कळच कमी होती. खरेदीदाराची माहिती गोपनीय असल्याचे कंपनीने सांगितले. त्यामुळे संबंध खरोखर तुटला की नाही हे ठरविता येत नाही, या कारणाने नॉर्वेच्या सरकारी निधीनेही २०२४ मध्ये ही कंपनी आपल्या यादीतून वगळली.

दुसरे उदाहरण श्वे वायूक्षेत्राचे. त्यात कोरियाच्या पोस्को इंटरनॅशनलचा ५१ टक्के, आपल्या ओएनजीसी विदेशचा १७ टक्के, गेल कंपनीचा ८.५ टक्के, कोरियाच्या कोगॅसचा ८.५ टक्के आणि म्यानमारच्या एमओजीई या सरकारी तेल-वायू संस्थेचा १५ टक्के वाटा ठरला. येथील वायू २०१३ पासून नळाने चीनला जाऊ लागला. २०२१ च्या उठावानंतर एमओजीईचे उत्पन्न लष्कराच्या हाती गेले. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या संस्थेवर निर्बंध घातले. आपल्या कंपन्या मात्र उठावानंतरही प्रकल्पात राहिल्या.

ओएनजीसी आणि गेल या केंद्र सरकारच्या कंपन्या आहेत. आयुर्विमा महामंडळ ओएनजीसीचे मोठे भागधारक आहे. म्हणजे नॉर्वेच्या परिचारिकेच्या पेन्शनचा जो प्रश्न तिच्या संस्थेने विचारला, तोच होटगीच्या पॉलिसीधारकाचाही प्रश्न आहे. फरक इतकाच की आपल्या वतीने तो कोणी विचारलेला नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा की आपण बाहेर पडलो तर चीन किंवा दुसरे कोणी येईल. हा आक्षेप पोकळ नाही. जानेवारी २०२२ मध्ये टोटल आणि शेव्हरॉन या तेल कंपन्यांनी म्यानमार सोडण्याचे जाहीर केले. टोटलचा वाटा उरलेल्या भागीदारांत वाटला गेला, आणि त्या भागीदारांत एमओजीईही होती. नॉर्वेच्या टेलिनॉर या दूरध्वनी कंपनीने २०२२ मध्ये तेथील व्यवसाय विकला. तेव्हा ग्राहकांची माहिती लष्कराच्या हाती पडेल, अशी भीती कार्यकर्त्यांनी व्यक्त केली. यावरून एवढे दिसते की नुसते निघून जाणे पुरेसे नसते. निघताना मालमत्ता, पैसा आणि माणसांची माहिती कोणाच्या हाती जाते, हेही पाहावे लागते.

दुसरा आक्षेप असा की निर्बंधांनी गरिबांचा रोजगार बुडतो. म्हणून सर्व उद्योगांना एकच माप लावू नये. शिलाईच्या कारखान्यात मजुरी कामगाराच्या हातात पडते, वायूच्या प्रकल्पात महसूल थेट राज्यकर्त्यांच्या तिजोरीत जातो. प्रत्येक धंद्याबाबत तीन प्रश्न विचारावेत. पैसा लष्कराच्या हाती जातो का? कामासाठी वेठ, विस्थापन किंवा सैनिकांचा पहारा लागतो का? आणि तेथील लोकांच्या स्वतःच्या संघटना काय मागत आहेत? यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ज्याला सोसायचे आहे त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याने त्याग ठरवू नये.

आपण काय करू शकतो

आपली शक्ती लहान आहे. भारतीय कंपनी कायद्याप्रमाणे सभेत आपला ठराव आणण्यासाठी साधारणतः एक दशांश मताधिकार लागतो. तेवढे शेअर आपल्याजवळ नाहीत. तरीही काही वाटा खुल्या आहेत.

म्युच्युअल फंडांना आपल्या गुंतवणुकीची यादी दरमहा जाहीर करावी लागते, ती वाचावी. सेबीने २०१९ मध्ये म्युच्युअल फंडांसाठी जबाबदार देखरेखीची संहिता घालून दिली आहे. तिच्यानुसार त्यांनी कंपन्यांच्या कारभारावर लक्ष ठेवायचे आणि कोणत्या ठरावावर कसे मत दिले ते सांगायचे असते. त्याविषयी पत्र लिहून विचारता येते. ज्याच्याजवळ एखाद्या कंपनीचा एक जरी शेअर आहे, त्याला घरबसल्या ई-मतदान करता येते आणि वार्षिक सभेत प्रश्न विचारता येतो. आयुर्विमा महामंडळ आणि ओएनजीसी यांच्याकडे २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो. व्यापारी गुपिताचे कारण देऊन उत्तर नाकारले जाऊ शकते, परंतु प्रश्न कागदावर नोंदला जातो. कामगार संघटनांचे प्रतिनिधी भविष्य निर्वाह निधीच्या विश्वस्त मंडळावर असतात. आपल्या कारखान्यातील संघटनेमार्फत त्यांच्यापर्यंतही हा विषय नेता येईल.

आपल्यासारख्या सार्वजनिक न्यासांना कायद्याने निधी मुख्यतः बँकेत, टपाल खात्यात किंवा सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो. त्यामुळे शेअरचा प्रश्न संस्थेपुढे येत नाही. परंतु देणगी कोणाची घ्यावी आणि स्मरणिकेत जाहिरात कोणाची छापावी, हा प्रश्न दरवर्षी येतो. त्याचा निर्णय कार्यकारिणीने लेखी धोरण करून घ्यावा, अशी आमची सूचना आहे. दारूच्या दुकानाची जाहिरात आपण नाकारतो. शस्त्राच्या आणि वेठीच्या पैशालाही तोच नियम लावावा.

विद्यार्थ्यांना आमचे विशेष सांगणे आहे. बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते, आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या अनुयायांनी शेअर, निर्देशांक, ताळेबंद हे शब्द दुसऱ्यांचे समजून सोडून देऊ नयेत. महाविद्यालयातील अभ्यासमंडळाने एखादी कंपनी निवडावी, तिचा वार्षिक अहवाल वाचावा आणि तिचा व्यवसाय कोणत्या देशांत, कोणाबरोबर चालतो, याची नोंद करावी. एवढे केले तरी पुष्कळ झाले. पहिली नोंद करून आणणाऱ्या मंडळाला पुढील स्मरणिकेत जागा राखून ठेवावी, असे आम्ही संपादक मंडळाला सुचवीत आहोत.